धागा: फिशटँकसाठी आरओचं पाणी – कुणाला लागतं, किती मिसळायचं, परत काय घालायचं (मुंबई)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मालाड पश्चिम, नवा टॉवर. सोसायटीत पालिकेचं पाणी, बोअर आणि टँकर हे तिन्ही तळटाकीत एकत्र होऊन गच्चीवरच्या टाकीत जातात.

स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ४६०, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा) ११, केएच (बायकार्बोनेट) ९, पीएच ७.९. घरच्या आरओचं: टीडीएस २८, जीएच आणि केएच पहिल्याच थेंबाला रंग बदलतात.

टाकी ३ × १.५ × १.५ फूट, झाडं लावलेली, मासे अजून नाहीत. निऑन टेट्रा, कोरीडोरस आणि पुढेमागे चेरी कोळंबी ठेवायची आहे. दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदलायचं ठरवलं आहे. दुकानदार म्हणतो पूर्ण आरओ भरा. भरावं का?

---

वैतरणा७

नुसतं आरओ भरू नका. मासे आणायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं.

आरओचं पाणी म्हणजे रिकामं पाणी. त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही आणि मुख्य म्हणजे बायकार्बोनेट नाही. बायकार्बोनेट म्हणजेच तुमचा केएच, पीएचला धरून ठेवणारा खुंटा. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल केएच खातं. हिशेब पक्का आहे: टाकीत नायट्रेट साधारण ११ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढलं की १ डिग्री केएच संपलेला असतो. केएच ३ असेल आणि नायट्रेट ५ वरून ३८ वर गेलं, तर केएच जवळजवळ शून्य. त्यानंतर पीएच हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतो. पीएच ६ च्या खाली गेला की ते जिवाणूही सुस्तावतात आणि अमोनिया साचायला लागतो. कमी पीएचला तो अमोनियम रूपात असल्यामुळे मासे तग धरतात. मग कुणीतरी घाबरून नळाचं ७.९ पीएचचं पाणी ओततो, अमोनियमचा अमोनिया होतो आणि रात्रीत मासे जातात. 'काल पाणी बदललं, आज सगळे मेले' ही तक्रार पुष्कळदा अशीच घडलेली असते.

दुसरी गोष्ट, टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो आकडा सांगतो की पाण्यात काहीतरी विरघळलं आहे. काय विरघळलं आहे ते सांगत नाही. २०० टीडीएस चुनखडीचा असू शकतो, मिठाचाही. क्लोरीन तर त्यात कळतच नाही. थेंबांचं जीएच-केएच किट हेच खरं माप. ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे १ डिग्री. कमी आकडे मोजायचे असतील तर १० मिली पाणी घ्या, म्हणजे एक थेंब अर्ध्या डिग्रीचा होतो.

आणि आरओच्या पाण्याचा पीएच मोजत बसू नका. त्यात धरून ठेवणारं काहीच नसल्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरूनसुद्धा तो खाली जातो. त्या आकड्याला अर्थ नाही.

---

टेट्रा_दादर

मुळात मुंबईत बहुतेकांना आरओची गरजच पडत नाही, हे इथे ठळक लिहून ठेवायला हवं.

पालिकेचं पाणी भातसा, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या तलावांतून येतं. पावसाचं पाणी, बेसाल्टच्या डोंगरांवरून आलेलं, चुनखडीशी फारसा संबंध न आलेलं. त्यामुळे ते मऊ असतं. टीडीएस बहुतेक वेळा शंभराच्या आसपास किंवा त्याखाली, जीएच-केएच दोन ते चार डिग्री. निऑन, रासबोरा, अँजेल, कोरीडोरस यांना ते तसंच चालतं, फक्त क्लोरीन मारायचं. आपल्या सह्याद्रीतला मिस केरळ मासा तर अशाच मऊ, वाहत्या पाण्यातला.

उलट मॉली, गप्पी, प्लॅटी, गोल्डफिश ठेवणाऱ्यांना मुंबईचं पाणी जरा जास्तच मऊ पडतं. मॉली एका जागी थरथरत डुलत राहते, पंख मिटून घेते, तेव्हा लोक औषधं ओततात. पुष्कळदा तिला जीएच हवा असतो. अशा टाकीत आरओ घालणं म्हणजे दुखण्यात भर. मलावीच्या सिक्लिडबद्दलही तेच.

आरओ खरोखर लागतं ते तीन ठिकाणी: बोअर किंवा टँकरचं पाणी, सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर, आणि क्रिस्टल रेडसारखी कोळंबी किंवा डिस्कसची पैदास करायची असेल तर.

---

काळा_बेसाल्ट

सॉफ्टनरचा मुद्दा अजून थोडा सोडवून सांगतो, कारण नव्या टॉवरमध्ये तो हमखास असतो आणि रहिवाशांना माहीतही नसतं.

सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे जीएच शून्याजवळ येतो, केएच होता तेवढाच राहतो आणि टीडीएसही जवळपास तोच. म्हणजे मीटर ४५० दाखवतोय, केएच ९, पण जीएच १. साबणाला फेस छान येतो, नळांवर पांढरे डाग पडत नाहीत. कोळंबीला मात्र कात टाकायला कॅल्शियम मिळत नाही, आणि झाडांची नवी पानं वेडीवाकडी येतात. असं पाणी आरओत मिसळून जीएच मिळणार नाही, तुम्ही नुसता सोडियम वाटून घेता.

खाडीकाठ, तुमचा जीएच ११ आहे, म्हणजे स्वयंपाकघराच्या लाइनवर सॉफ्टनर नाही. पण बाथरूमच्या नळाचं वेगळं मोजून पाहा. काही इमारतींत दोन्ही लाइन वेगळ्या असतात.

---

वैतरणा७

आता मिसळायचा हिशेब. आरओचा केएच शून्य धरा.

हवा असलेला केएच भागिले नळाचा केएच, एवढा भाग नळाचं पाणी. तुम्हाला ३ हवा, नळाचा ९, म्हणजे एक तृतीयांश. ४० लिटरला १३ लिटर नळाचं, २७ लिटर आरओचं. जीएच आपोआप ३.७ च्या आसपास येईल, टीडीएस १७० च्या आसपास. निऑन आणि कोरीडोरसला हे उत्तम.

चेरी कोळंबी आणाल तेव्हा जीएच ६ च्या जवळ न्या. ४० लिटरला दोन डिग्री वाढवायला जिप्सम १.८ ग्रॅम आणि एप्सम सॉल्ट ०.९ ग्रॅम.

---

निओकॅरिडिना

वैतरणा७ यांचा हिशेब बरोबर आहे, पण या सोसायटीसाठी मी तो वापरणार नाही. तळटाकीत तीन ठिकाणचं पाणी पडतंय. एका आठवड्याला टँकर जास्त, दुसऱ्याला पालिकेचं जास्त. आज नळाचा केएच ९ आहे, जूनमध्ये ५ असेल, मे महिन्यात पाणीकपात झाली की १२. प्रत्येक वेळी मोजून नवा हिशेब मांडायचा, किंवा न मोजता १३ लिटर ओतायचं आणि कोळंबीने काय ते सोसायचं. समुद्राजवळच्या मचूळ बोअरमध्ये मिठाचा अंशही असतो, तो थेंबांच्या किटमध्ये दिसतच नाही.

त्यापेक्षा पूर्ण आरओ घ्या आणि क्षार स्वतः मोजून घाला. पाणी वर्षभर एकसारखं राहतं.

१०० लिटर आरओत १ डिग्री वाढवायला लागणारं वजन:

जिप्सम (कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट) – ३.१ ग्रॅम, जीएच
एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट) – ४.४ ग्रॅम, जीएच
कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट – २.६ ग्रॅम, जीएच
खाण्याचा सोडा – ३ ग्रॅम, केएच
पोटॅशियम बायकार्बोनेट – ३.६ ग्रॅम, केएच

तुमच्या ४० लिटरला, जीएच ६ आणि केएच ३ साठी: जिप्सम ५.५ ग्रॅम, एप्सम सॉल्ट २.६ ग्रॅम, खाण्याचा सोडा १.८ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट २.१ ग्रॅम. मीटरवर टीडीएस साधारण २२५ ते २७५ दिसेल.

केएचसाठी दोन पदार्थ निम्मे-निम्मे घेण्याचं कारण सांगते. सगळा केएच पोटॅशियमच्या रूपात घातला तर पोटॅशियम ४० पीपीएमच्या वर जातं, सगळा सोड्याच्या रूपात घातला तर सोडियम वाढत राहतं. निम्मे घेतले की दोन्ही आटोक्यात राहतात आणि झाडांना पोटॅशियमही मिळतं.

वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर करा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या. चमच्याने मोजू नका. जिप्समची पूड किती दाबली गेली आहे त्यावर एका चमच्यातलं वजन बदलतं.

---

खाडीकाठ

हे नेमकं हवं होतं. जिप्सम म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच ना? हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते?

---

निओकॅरिडिना

नको, नको. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी उडवलेलं जिप्सम. ते पाण्यात गेलं की घट्ट बसतं, आणि हार्डवेअरच्या पुड्यात आणखी काय मिसळलेलं असेल ते कळत नाही. शेतीचं जिप्समही नको, त्यात माती असते. खाद्य दर्जाचं कॅल्शियम सल्फेट घ्या. टोफू बनवायला तेच वापरतात. नाहीतर प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलच्या दुकानांत प्रयोगशाळेच्या दर्जाचं मागा, आणि डबीवर 'डायहायड्रेट' लिहिलंय ना ते बघा. एप्सम सॉल्ट औषधाच्या दुकानातही मिळतं, फक्त सुगंध किंवा रंग घातलेलं आंघोळीचं घेऊ नका.

विरघळवताना बहुतेकांची चूक होते. जिप्सम फार मंद विरघळतं, एका लिटरमध्ये जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम. साडेपाच ग्रॅम एका तांब्यात टाकून ढवळत बसलात तर तळाशी पांढरा गाळ राहणारच. ८-१० लिटरच्या बादलीत घाला, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. सोडा आणि पोटॅशियम बायकार्बोनेट दुसऱ्या भांड्यात वेगळे विरघळवा. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र केलीत तर कॅल्शियम कार्बोनेट होऊन पाणी दुधाळ होतं, आणि एकदा तसं झालं की ते सहज परत विरघळत नाही. आधी सगळं आरओ ड्रममध्ये भरा, मग एक द्रावण घाला, ढवळा, नंतर दुसरं घाला.

---

पाणवनस्पती

एवढ्या खटाटोपापेक्षा चमचाभर खडं मीठ घातलं तर टीडीएस वाढतोच की. आमच्याकडे दुकानात तसंच सांगतात.

---

वैतरणा७

टीडीएस वाढतो, बाकी काही वाढत नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, जीएचही नाही, केएचही नाही. मीटर बघून समाधान होतं आणि पाणी रिकामंच राहतं. कोरीडोरसला तर जादा मीठ सोसतही नाही.

---

फिल्टरवाला_कुर्ला

मशीनबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. सगळा घोळ तिथेच होतो.

स्वयंपाकघरातल्या आरओत पाणी साधारण असं जातं: बाहेरचा स्पन फिल्टर, सेडिमेंट, कार्बन, एसव्ही (पाणी चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), पंप, मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा). इथपर्यंत ठीक. मेम्ब्रेननंतर कंपनी काय काय लावते ते बघा. टीडीएस कंट्रोलर असतो, तो मेम्ब्रेनच्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मिनरल किंवा अल्कलाइन कार्ट्रिज असतं, ते पीएच वर नेतं आणि दर महिन्याला कमी-कमी देत जातं. आणि हल्ली 'कॉपर' कार्ट्रिज असतं. माणसाला तांबं चालतं. कोळंबी आणि गोगलगायींना ते विष आहे, अगदी थोडंसुद्धा. कॉपरवाल्या मशीनच्या नळाचं पाणी कोळंबीच्या टाकीत कधीही घालू नका.

उपाय सोपा आहे. मेम्ब्रेन हाउसिंगच्या एका टोकाला दोन पाइप निघतात. ज्या पाइपवर एफआर (फ्लो रिस्ट्रिक्टर, प्रवाह अडवणारा तुकडा) आहे तो रिजेक्टचा, म्हणजे क्षार घेऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. दुसरा शुद्ध पाण्याचा. त्या दुसऱ्या पाइपवर, बाकी कार्ट्रिजच्या आधी, पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक बॉल व्हॉल्व्ह बसवा. तिथून फिशटँकचं पाणी घ्या. टीडीएस कंट्रोलर ज्या टीने कच्चं पाणी आणून सोडतो, ती जागा तुमच्या टीच्या पुढे राहिली पाहिजे, नाहीतर काम वाया.

हे काम करताना एक लक्षात ठेवा: मशीनच्या टाकीत फ्लोट असतो. टाकी भरली की तो पंप आणि एसव्ही बंद करतो, मग तुमच्या टीतूनही पाणी येणार नाही. आधी मशीनच्या टाकीतलं थोडं पाणी काढून घ्या. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की सगळं पाणी ड्रमकडे जातं, मशीनची टाकी भरत नाही आणि फ्लोट पंप बंद करत नाही. म्हणजे ड्रम भरून वाहिला तरी मशीन चालूच. खालच्या फ्लॅटचं छत ओलं होईपर्यंत कळत नाही. मोबाइलवर गजर लावा, किंवा ड्रमला छोटा फ्लोट व्हॉल्व्ह बसवा आणि शुद्ध पाण्याच्या लाइनवर हाय प्रेशर स्विच लावून घ्या. व्हॉल्व्ह मिटला की लाइनमध्ये दाब चढतो आणि स्विच पंप थांबवतो.

वेळेचा अंदाज: ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मेम्ब्रेन म्हणजे दिवसाला २८४ लिटर, मिनिटाला साधारण २०० मिली. ४० लिटरला सव्वातीन-साडेतीन तास. ४५० चा एफआर (मिनिटाला ४५० मिली सोडणारा) असेल तर तेवढ्या वेळात ९० लिटर रिजेक्ट.

---

खाडीकाठ

९० लिटर फार वाटतंय. एफआर लहान लावला तर? आणि पंप काढून थेट नळाच्या दाबावर चालवता येईल का? आम्ही वरून तिसऱ्या मजल्यावर आहोत.

---

फिल्टरवाला_कुर्ला

वरून तिसऱ्या मजल्यावर दाब नाही. गच्चीच्या टाकीतल्या पाण्यापासून तुमचा नळ दहा मीटर खाली असेल तर १ बार, म्हणजे १४ पीएसआय. मेम्ब्रेनला साठच्या आसपास तरी लागतो. दाब कमी पडला की पाणीही कमी येतं आणि क्षारही जास्त निसटतात. पंप राहू द्या.

एफआर लहान केलात तर रिजेक्ट कमी होईल, पण तुमच्या ११ जीएचच्या पाण्यात मेम्ब्रेनवर चुनखडी बसेल. थेट पालिकेचं मऊ पाणी असेल तर ३०० चा लावायला हरकत नाही, बोअरच्या पाण्याला नको. रिजेक्ट बादलीत घ्या आणि लादी पुसायला, फ्लशला वापरा. बोअरचं रिजेक्ट कुंड्यांना सारखं घालू नका, मातीत मीठ साचतं.

आणखी काही गोष्टी:

मशीन रात्रभर बंद राहिली की सकाळी पहिले दोन-तीन लिटर जास्त टीडीएसचे येतात. क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपलेले असतात. ते फेका, मग मोजा. लोक पहिल्या ग्लासात मीटर बुडवतात आणि मेम्ब्रेन गेली म्हणतात.

नवी मेम्ब्रेन बसवली की पहिल्या तासाभराचं पाणी सोडून द्या, तिच्यात टिकवण्यासाठी घातलेलं रसायन असतं.

४६० चं २८ म्हणजे ९४ टक्के रोखलं जातंय. चांगलं आहे. ९० च्या खाली आलं की आधी ओ-रिंग तपासा. मेम्ब्रेन काढताना-घालताना ती मुडपली तर कच्चं पाणी थेट पलीकडे जातं. ओ-रिंग नीट असूनही आकडा खालीच राहिला तर मेम्ब्रेन बदला.

क्लोरीन मेम्ब्रेनला खाऊन टाकतं, ते अडवायचं काम कार्बनचं. कार्बन संपला की नाही हे महिने मोजून ठरवू नका, मोजून बघा. ओटीओचं क्लोरीन किट मिळतं. रिजेक्टच्या पाण्यात दोन-तीन थेंब टाका. ते पाणी कार्बनमधून गेलेलंच असतं. पिवळं झालं तर कार्बन संपला, लगेच बदला. ओटीओ विषारी आहे, तपासलेलं पाणी बेसिनमध्ये टाका, टाकीजवळ नेऊ नका.

---

काळा_बेसाल्ट

टाकीतले दगड तपासलेत का? आरओचं पाणी मऊ असल्यामुळे चुनखडीचा दगड त्यात भराभर विरघळतो, आणि लोक महिनाभर शोधत बसतात की केएच कुठून वाढतोय.

आपला काळा बेसाल्ट सहसा निर्धोक. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोकळ्या असतात, त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. काही झिओलाइट, काही कॅल्साइट. दगड कोरडा करा आणि त्या पांढऱ्या भागावर शौचालय साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाका, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. बुडबुडे आले तर कॅल्साइट, दगड बाजूला ठेवा. निर्धोक निघालेला दगडही टाकीत ठेवण्याआधी भरपूर धुवा. जांभ्याला काही होत नाही, फक्त रंग सुटतो.

मॉलीवाल्यांना उलट हेच हवंय. त्यांनी फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवावा, हळूहळू जीएच-केएच दोन्ही देतो. प्रवाळाचे तुकडे विकत घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

---

पाणवनस्पती

दोन प्रश्न. एसीचं पाणी बादलीभर जमतं, ते आरओसारखंच शुद्ध ना? आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवलेली चालेल का?

---

टेट्रा_दादर

एसीचं नको. ते पाणी तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवरून ओघळत येतं, सोबत धूळ आणि बुरशी. टीडीएस कमी दिसतो म्हणून फसू नका, कोळंबीला मारायला पुरेल एवढं तांबं त्या कमी आकड्यातही मावतं.

तुरटीही नको. तुरटी केएच खाते, आणि मुंबईच्या पाण्यात खाण्यासारखा केएच असतोच किती. गढूळ पाणी बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं घ्या, किंवा ५ मायक्रॉनच्या स्पनमधून काढा.

---

निओकॅरिडिना

साठवणीबद्दल. ५० लिटरचा खाद्य दर्जाचा ड्रम घ्या, रसायनाचा वापरलेला नको, कितीही धुतला तरी नको. घट्ट झाकण लावा, हवेच्या नळीपुरतंच भोक. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, आठवडाभर उघडं राहिलं तर डासांच्या अळ्या होतात. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक घरोघरी साठवलेलं पाणीच तपासायला येतात.

टाकीतलं पाणी उडून कमी होतं त्या जागी फक्त कोरं आरओ घाला, क्षार घातलेलं नाही. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. क्षारवालं घालत राहिलात तर जीएच हळूहळू चढत जातो. काचेवर मार्करने रेघ मारून ठेवा. उन्हाळ्यात पंखा लावलात तर पाणी जास्त उडेल. मुंबईच्या दमट हवेत पंख्याने दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतार मिळत नाही, पण मे महिन्यात तेवढाही कामी येतो.

ज्यांच्या टाकीत आधीपासून मासे आहेत आणि आता आरओवर यायचंय, त्यांनी एका वेळी टाकीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नये, आठवड्यातून दोनदा चालेल. कोळंबीच्या अंगातला क्षारांचा तोल एकदम बिघडला की ती अवेळी कात टाकते आणि त्यातच मरते. मानेजवळ पांढरी पट्टी गोल दिसली तर समजा घाई झाली.

---

हिरवं_तळं

झाडंवाल्यांसाठी एक जोड. पालिकेच्या पाण्यावर टाकी चालत असली तरी दोन-तीन लिटर आरओ घरात असू द्या, ड्रॉप चेकरसाठी (टाकीत टांगायची छोटी काचेची कुपी, रंगावरून कार्बन डायऑक्साइड दाखवणारी). १ लिटर आरओत ०.१२ ग्रॅम खाण्याचा सोडा म्हणजे ४ डिग्री केएचचं द्रावण. हे मात्र टीडीएस १० च्या खालच्या पाण्यातच करा, २८ चालणार नाही. तसं नसेल तर औषधाच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात नेहमीचे निळे थेंब. रंग पोपटी झाला की कार्बन डायऑक्साइड ३० पीपीएमच्या आसपास. टाकीतलंच पाणी चेकरमध्ये भरलं तर रंग खोटं बोलतो.

---

वैतरणा७

खाडीकाठ, मिसळण्यावरून निओकॅरिडिना ताईंचं म्हणणं मला पटतं, तुमच्या तळटाकीचं पाणी भरवशाचं नाही. पण यंत्रावर आणि काट्यावर खर्च करण्याआधी एक काम करा. सोसायटीच्या प्लंबरला विचारा की पालिकेची लाइन तळटाकीत पडते तिच्या अलीकडे कुठे नळ आहे का. बहुतेक ठिकाणी मीटरजवळ किंवा बागेत एखादा असतो. पाणी सुटायच्या वेळी तिथलं भरून घ्या, पहिली पाच मिनिटं सोडून. टीडीएस, जीएच, केएच तिन्ही मोजा आणि इथे लिहा.

---

खाडीकाठ

मोजलं. पंप रूमच्या बाहेर नळ आहे. सकाळी पाणी सुटल्यावर: टीडीएस ८२, जीएच ३, केएच ३, ओटीओ हलकं पिवळं.

---

वैतरणा७

मग तुमचा आरओ स्वयंपाकघरासाठीच राहू द्या. मचूळ पाणी गच्चीवर आहे, फाटकाशी येतंय ते तलावाचंच.

आठवड्याला २० लिटरचे दोन कॅन, लिफ्टने वर. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट: १ पीपीएम क्लोरीनला १०० लिटरमागे ०.७ ग्रॅम, म्हणजे तुमच्या ४० लिटरला ०.२८ ग्रॅम. पावसाळ्यात ओटीओचा रंग गडद दिसला तर दुप्पट. कॅनमध्येच घाला, ढवळा, दहा मिनिटांनी टाकीत.

निऑन आणि कोरीडोरससाठी एवढंच. कोळंबी आणाल तेव्हा ४० लिटरला जिप्सम २.८ ग्रॅम आणि एप्सम सॉल्ट १.३ ग्रॅम, जीएच ६ होईल. केएच आहे तसा राहू द्या.

उडालेल्या पाण्यासाठी मात्र घरचं आरओच वापरा, मिनरल कार्ट्रिजच्या आधीच्या टीमधून. तेवढं आठवड्याला सहा-सात लिटर लागेल.

---

खाडीकाठ

करतो. गणपतीला दहा दिवस गावी जायचंय, तेव्हा काय?

---

निओकॅरिडिना

निघायच्या तीन दिवस आधी पाणी बदला, निघायच्या दिवशी नको. काही बिघडलं तर तुम्ही घरी असायला हवं. आदल्या रात्री कोरं आरओ घालून रेघेच्या दोन सेंटीमीटर वर भरा, काचेची झाकणं लावा, दिवे टायमरवर सहा तासांवर आणा. शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगू नका. मोठे निऑन दहा दिवस सहज काढतात. जास्त खाणं पडून पाणी नासतं, त्यावर दहा दिवस लक्ष द्यायला कुणी नसतं. परत आल्यावर आधी केएच मोजा, मग पाणी बदला.